वारा लागलेले ठिपके

हेमंतने विकायला आणलेल्या जीपच्या बॉनेटवर थाप मारली. “पुंजादादा, इंजिनाचं टेन्शनच घेऊ नको. जिवाने बांधलेलं हाय.”

पुंजा जीपपुढे उकिडवा बसला होता. रेडिएटरखाली लोंबणारा थेंब त्याने बोटावर घेतला होता, तो तसाच बोटावर राहिला. शेडच्या कोपऱ्यात त्याची बायको चैती घासलेटच्या डब्यात नटबोल्ट धूत बसली होती. तिने मान वर केली.

“झालं,” ती म्हणाली. “दिसलं तांबं.”

रविना पुंजाची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. तिला काही कळेना. “कसलं तांबं, मामी?”

“तुझ्या मामाचं. कुणी जिवाचं नाव काढलं की दिसतं.”

“तू बोल्ट धू,” पुंजा म्हणाला.

“धूतेच हाय. तुझं काय धुवायचं असलं तर तेही टाक डब्यात.”

इंजिनाच्या पोटात क्रँक फिरतो तो बेरिंगच्या वाट्यांमध्ये. या वाट्यांना आतून राखाडी, चकचकीत, पातळ साय असते. ऑइल कमी पडलं, कचरा गेला, कुणी काही वाकडं बसवलं, की साय झिजते आणि खालचं तांबं उघडं पडतं. तांबं दिसलं की मेकॅनिक मान हलवतो आणि मालक डोक्याला हात लावतो. चैतीने हा शब्द नवऱ्याच्या धंद्यातून उचलला आणि नवऱ्यालाच लावला.

खरं तर पुंजाची साय चांगली जाड होती. गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या तरी तो हसायचा. कुणाची गाडी घाटात बंद पडली तर जेवणावरून उठून जायचा. खोडाळ्याच्या बाजाराच्या टोकाला, मोखाड्याचा रस्ता सुरू होतो तिथे त्याची पत्र्याची शेड. जुनी गाडी घ्यायची असली की आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं बाजाराच्या दिवशी ती आधी त्याच्याकडे आणत. तो गाडी ऐकायचा, हुंगायचा, ऑइल बोटांत चोळायचा आणि दोनातला एक निकाल द्यायचा. “बेस,” नाहीतर “ऱ्हाऊ दे.” त्याने “बेस” म्हटलेली गाडी डोळे मिटून घ्यावी, असं लोक सांगत.

पण जिवा म्हटलं की सगळं घासून निघायचं.

जिवाचं गॅरेज मोखाड्यात. खाली सिमेंटची फरशी, गाडीखाली उभं राहून काम करायला बांधून काढलेला खड्डा. कुणीतरी एकदा पुंजासमोर म्हणालं, “जिवाची फरशी अशी लख्ख, भाकरी थापून घ्यावी.” त्या माणसाच्या गाडीचं काम पुंजाने पुढे ढकललं ते ढकललंच. जिवाच्या दारातला आंबा लवकर मोहरला, तर पुंजा म्हणायचा, “खत टाकतो बॅगेतलं. आमचं झाड आपल्या जिवावर उभं हाय.” जिवा तापाने पडला तेव्हा लोक त्याला बघायला मोखाड्याला गेले. पुंजाला त्याचंही वाईट वाटलं. “मला ताप आला तवा कोण आलं होतं?”

“मी होते की,” चैती म्हणाली होती.

“तू घरातलीच.”

“मंग ताप तरी बाहेर जाऊन काढायचा होता.”

पुंजा आणि जिवा एकाच पाड्यावरचे. जव्हारला लहान्यादादाच्या गॅरेजात दोघांनी एकदमच पाना हातात धरला. लहान्यादादा काटक, तोंडाने फाटका आणि कामाला देवमाणूस. पिस्टनच्या दांड्याला खालून एक टोपी असते, ती क्रँकला मिठी मारून बसते. चार दांडे, चार टोप्या. ज्याची त्याला आणि ज्या तोंडाने निघाली त्याच तोंडाने परत बसवायची. उलटी बसली तर वर्षभर बोलणार नाही, पण बेरिंग खात राहील. म्हणून टोपी सोडवायच्या आधी दांड्यावर आणि टोपीवर एकाच बाजूला पंचाने, म्हणजे टोकदार छिन्नीने, ठिपके मारायचे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे.

“आधी ठिपका, मंग पाना,” लहान्यादादा ओरडायचा. “ठिपका म्हणजे तुझी सही हाय, भुता!”

पुंजा डावखुरा. त्याचा हातोडा पंचावर तिरका पडायचा, आणि प्रत्येक ठिपक्याला उजवीकडे बारीक शेपटी फुटायची. जिवाचे ठिपके मात्र तांदूळ मांडल्यासारखे. लहान्यादादा ते बघून म्हणायचा, “जिवाचे ठिपके बसलेले हायत. पुंजाच्या ठिपक्यांना वारा लागलाय.” सगळं गॅरेज हसायचं. जिवाही हसायचा. ते हसू पुंजाने अजून जपून ठेवलं होतं.

लहान्यादादाने धंदा बंद केला तेव्हा दोघांना बोलावलं. लाकडी डबीतलं मायक्रोमीटर, केसाची जाडी मोजणारं, त्याने जिवाला दिलं. पुंजाला एक लोखंडी सळई दिली. इंजिनाला एक टोक टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि ऐकायचं, तीच सळई.

“त्याला यंत्र,” पुंजा घरी येऊन चैतीला म्हणाला होता, “आणि मला गज.”

आता तोच गज हातात घेऊन तो हेमंतच्या जीपसमोर उभा होता.

“मामा,” रविना त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ठाण्याचं काम सोडून आले मी. टॅक्सीचा बॅज काढलाय, आईने तिची बोकडं विकली. खोडाळा ते जव्हार गाडी चालवायची, आपल्या हाताने. हेमंतदादा म्हणतो गिऱ्हाइकं रांगेत आहेत. पण तू बेस म्हटलंस तरच घेणार. नाय म्हटलंस तर नाय.”

“जिवाने बांधलंय म्हणतो ना तो. मंग मला कशाला विचारतेस?”

“तू मामा आहेस म्हणून.”

हे ऐकून पुंजाला बरं वाटलं आणि तो कामाला लागला. मनातून मात्र त्याला एकच गोष्ट हवी होती. जिवाच्या कामात खोट हवी होती.

त्याने डिपस्टिक ओढली. ऑइल काळं होतं, पण पातळी बरोबर. दोन बोटांत चोळलं, उन्हात धरून बघितलं. लोखंडाचा चुरा असला की चमकतो. फारसं काही चमकलं नाही. आवाज दडवायला लोक जाड ऑइल ओततात, तेही नव्हतं. पुंजाचा चेहरा उतरला.

ऑइलचं झाकण काढून त्याने आत बोट फिरवलं. पाणी शिरलं असलं की झाकणाखाली लोण्यासारखा फेस येतो. झाकण कोरडं. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, सांध्यावर लावलेला गम पाहिला. अडाणी मेकॅनिक गम असा लावतो की जिलबी तळल्यासारखा बाहेर येतो. इथे गम दोऱ्यासारखा सरळ. बोल्टांच्या डोक्यांवर पाना घसरल्याची एक खूण नाही. पुंजा सुस्कारा टाकत वाकायचा आणि सुस्कारा टाकत उठायचा. चांगली गाडी बघताना इतका कष्टी झालेला माणूस रविनाने कधी पाहिला नव्हता.

“कसं हाय?” हेमंतने विचारलं.

“वरून सगळेच बेस दिसतात. चालू कर.”

जीप पहिल्या फटक्यात चालू झाली. धूर नाही. पुंजाने सळई लावली, इथे टेकवली, तिथे टेकवली. इंजिन शांतपणे आपलं दळत होतं.

“मक्खन ना?” हेमंत म्हणाला.

“थंड हाय अजून. थंडीत म्हाताराबी सरळ चालतो. रविना, घाटापर्यंत जाऊन ये. चढावर दाब, उतारावर एकदम सोड.”

रविना गेली. ती परत येईपर्यंत पुंजा रस्त्याकडे बघत उभा होता.

“काय मागतोस रे देवाकडे?” चैतीने विचारलं.

“काय नाय.”

“पोरीची गाडी बिघडलेली निघू दे, असं मागतोस?”

“गाडी नाय म्हणलं मी.”

“मंग काय? फक्त जिवाचा भाग?”

जीप आली. रविनाच्या कपाळावर घाम आणि तोंडभर हसू. “मस्त चढते मामा!”

“बंद करू नको.” पुंजाने सळई इंजिनाच्या खालच्या अंगाला लावली आणि डोळे मिटले. “दाब. सोड. परत दाब. सोड.”

ॲक्सिलरेटर सोडला की आवाजाच्या तळाशी काहीतरी होतं. कुणीतरी दूर, बंद खोलीत, उखळात मुसळ टाकल्यासारखं. ठुक. ठुक.

पुंजाचे डोळे उघडले. त्याने पाना घेतला आणि डिझेलची पहिली नळी जरा ढिली केली. तो सिलिंडर गळपटला, ठुक तसाच. दुसरी नळी. तसाच. तिसरी ढिली केली आणि ठुक थांबला. नळी घट्ट केली, ठुक परत आला.

“तिसरा,” पुंजा म्हणाला. त्याचा आवाज लग्नातल्यासारखा झाला होता. “तिसऱ्याचं खालचं बेरिंग. रविना, बंद कर. चैते, चेंबर उघडायचंय, तसराळं दे.”

“उघडायचं?” हेमंत पुढे आला. “पुंजादादा, ऐकून बघ म्हणलं, चिरून बघ नाय म्हणलं.”

“परत बांधून देईन. माझ्याकडून. गम, ऑइल, सगळं.”

पुंजाने कधी कुणाला ऑइल फुकट दिल्याचं चैतीला आठवत नव्हतं. तिने तसराळं सरकवलं.

चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं पातेलं. ते उतरायला बराच वेळ गेला. पुंजा पाठीवर झोपून गाडीखाली होता, बाहेर फक्त त्याचे पाय. बाजारातली माणसं नागलीच्या पिशव्या, पाटे, कोंबड्या घेऊन येता जाता थांबत होती. मग पायांनी एकदम टाच आपटली.

“तांबं!” गाडीखालून आरोळी आली. “तांबं हाय!”

तो सरपटत बाहेर आला. एका हातात काळी चिकट टोपी, दुसऱ्या हातात बेरिंगची वाटी. वाटीच्या एका कडेला लालसर पट्टा, दुसरी कड अजून राखाडी.

“बघा! एकाच कडेनं खाल्लीय. का खाल्ली? टोपी उलटी बसलीय म्हणून!” तो हेमंतला सांगत होता, पण आवाज बाजारासाठी होता. “वाटीला जीभ असते, दांड्याला खाच असते, टोपीला खाच असते. दोन्ही खाचा एका बाजूला पाहिजेत. इथं एक खाच पूर्वेला, एक पश्चिमेला! लहान्यादादाच्या गॅरेजात ही चूक केली असती तर पाना डोक्यात बसला असता. आणि हे कुणाचं काम? म्हणे जिवाने बांधलेलं!”

कुणीतरी म्हणालं, “जिवा बाजारातच हाय. सुकटवाल्याकडे उभा हाय.”

“बोलवा! बोलवा त्याला! आपल्या डोळ्याने बघू दे.”

दोघेजण लगबगीने निघाले. पुंजा ओट्यावर बसला. कित्येक वर्षांत असा दिवस आला नव्हता. हेमंत डोकं धरून बसला होता, रविना ओठ चावत जीपकडे बघत होती, आणि पुंजाला त्या दोघांकडे बघायचं भान नव्हतं. जिवा आल्यावर काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता. ओरडायचं नाही. हळू बोलायचं. “जिवा, होतं असं कधी कधी. माणूस म्हातारा होतो.” हे बेस. आणि टोपी त्याच्या हातात द्यायची ती लख्ख पुसून, म्हणजे खाच कशी चांगली दिसेल.

त्याने फडकं घासलेटात बुडवलं आणि टोपी पुसू लागला. जळक्या ऑइलचा थर निघत गेला. खाच उघडी झाली. मग टोपीच्या अंगावर काहीतरी खरखरलं. त्याने अंगठा फिरवला.

तीन ठिपके. प्रत्येकाला उजवीकडे शेपटी.

पुंजाने टोपी मांडीवर पालथी घातली. इकडे तिकडे पाहिलं. परत हळूच उलटवली. ठिपके तिथेच होते, वारा लागलेले.

मग त्याला ती जीप आठवली. तेव्हा ती पांढरी होती, वर कापडी टप होता. आता निळी केली होती, वर पत्रा घातला होता, मागच्या बाकांची जागा बदलली होती. जव्हारच्या घाटात वऱ्हाड घेऊन बंद पडली होती, आणि तो तिच्याखाली झोपून एकच बेरिंग बदलत होता. नवरदेव हातातल्या कट्यारीने पत्र्यावर टकटक करत होता. नवरदेवाची मावशी वाकून सारखी विचारत होती, “झालं का रं? झालं का? तिकडं पोरगी मांडवात बसली.” ढोलवाले थांबायला तयार नव्हते, ते गाडीभोवती वाजवत होते. त्या गोंधळात त्याने आधी पाना लावला होता. टोपी हातात आल्यावर ठिपके आठवले, म्हणून मग मारले. भलत्याच बाजूला मारले, आणि त्या ठिपक्यांच्या हिशेबाने टोपी उलटी बसवली. वऱ्हाडाने त्याच्या नावाने आरोळी दिली होती. तो खुशीत घरी आला होता.

“मामा, काय झालं?” रविनाने विचारलं.

“काय नाय.”

चैती जवळ आली. तिने टोपीकडे नुसतं पाहिलं. इतकी वर्षं त्याच्या हातचे ठिपके ती धूत होती. ती खाली बसली आणि अगदी हळू म्हणाली, “आता रे?”

पुंजाने टोपी फडक्यात गुंडाळली आणि बंडीच्या खिशात घातली.

जिवा आला. उंच, पांढरा शर्ट, हातात सुकटाची पिशवी. त्याच्यामागे अर्धा बाजार. शर्टावर ऑइलचा एक डाग नाही, हे पुंजाला अशाही वेळी दिसलं.

“काय रे पुंजा, काय झालं? हे म्हणतात माझं काही निघालं.”

“नाय, तसं नाय,” पुंजा म्हणाला. “ऱ्हाऊ दे. जा तू, सुकट वास मारतंय.”

“असं कसं ऱ्हाऊ दे?” मागून कुणीतरी ओरडलं. “आत्ता तर ओरडत होतास! टोपी उलटी, खाच पूर्वेला!”

“टोपी दाखव,” जिवा म्हणाला.

“कठं ठेवली आठवत नाय.”

“बंडीच्या खिशात हाय,” हेमंत म्हणाला.

आता इलाज नव्हता. पुंजाने फडकं काढून दिलं. जिवाने पिशवी चैतीच्या हातात दिली, टोपी बाहेर काढली, उन्हाकडे धरली. खाच पाहिली. मग अंगठा फिरवला, तसाच, त्याच जागेवर. अंगठा थांबला.

जिवाने टोपीवरून नजर उचलून पुंजाकडे पाहिलं. पुंजा पत्र्याकडे बघत होता.

जिवाने टोपी मुठीत घेतली. “हो,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “चूक झाली माझी. घाईत झालं असेल. रविना, काळजी करू नको पोरी. नवी बेरिंगं मी टाकतो, क्रँकही मोजून देतो.”

मग एक म्हातारा म्हणाला, “बघा. याला म्हणतात माणूस.”

“दुसरा असता तर हात वर केले असते.”

“भर बाजारात कबूल केलं! छाती लागते.”

“म्हणून तर लोक जिवाकडं जातात.”

रविनाच्या डोळ्यांत पाणी आलं. “जिवामामा, थँक्यू.”

जिवामामा! पुंजाच्या कानामागचं हाड ठणकलं. बरं झालं, सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. चैतीने तर सुटकेचा श्वास टाकलाही. पण पुंजा बघत होता ते वेगळंच. जिवा तिथे उभा होता, पांढऱ्या शर्टात, आणि लोक त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. कशासाठी? पुंजाच्या चुकीसाठी. मायक्रोमीटर त्याने नेलं, मोहर त्याने नेला, ताप त्याने नेला. आता उलटी टोपीसुद्धा त्यानेच नेली, आणि तिच्यावरही वाहवा मिळवली.

“ए!” पुंजा ओरडला. “आण इकडं!”

“काय?”

“टोपी आण. माझी हाय ती.”

“पुंजा, ऱ्हाऊ दे,” जिवा हळूच म्हणाला.

“का ऱ्हाऊ दे? माझी चूक हाय ही! मी केलेली! जव्हारच्या घाटात, वऱ्हाड डोक्यावर नाचत असताना! तू काय केलंस? तू फक्त वरचं हेड उतरवलंस, खालचा बोल्टसुद्धा तुझ्या हाताला लागला नाय. सांग, लागला? सांग की!”

“नाय लागला.”

“मंग? मंग चूक झाली म्हणतोस कशी? येते का तुला अशी चूक?” त्याने टोपी हिसकावली आणि म्हाताऱ्याच्या नाकापुढे धरली. “हे बघ, आज्या. ठिपके बघ. शेपटी बघ. जिवाचे ठिपके तांदळासारखे असतात. हे वारा लागलेले हायत. वारा कुणाच्या ठिपक्यांना लागतो? आख्ख्या जव्हार-मोखाड्यात कुणाच्या?”

“तुझ्या,” म्हातारा घाबरून म्हणाला.

“माझ्या!”

आणि मग पुंजाला आपण काय बोललो ते कळलं. अर्धा बाजार त्याच्याकडे बघत होता. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. एकजण फिसकन हसला, मग दुसरा, मग हेमंतच हसत खाली बसला. चैतीने पदर तोंडात कोंबला होता.

रविना हसली नाही. ती पुढे आली. “मामा, म्हणजे जिवामामाचं वरचं काम कसं आहे?”

पुंजाने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

“तू सगळं बघितलंस ना. झाकण, गम, बोल्ट. मला खरं सांग. त्याच्यावर मी गाडी घेणार आहे.”

हा प्रश्न त्याला नको होता. त्याने सळई उचलली, परत ठेवली. रविनाकडे पाहिलं. ती त्याच्या बहिणीसारखी उभी होती, एक पाय पुढे टाकून, हटून.

“वरचं...” तो म्हणाला आणि खोकला. “वरचं बेस हाय.”

“काय म्हणलास?” जिवाने विचारलं. त्याचा एक कान जरा जड होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

“ऐकू आलं तुला. परत नाय सांगणार.”

“आणि खालचं?” रविना म्हणाली.

“खालचं मी करतो. मी बिघडवलंय. मला बाहेरचा माणूस नको.”

“क्रँक कशाने मोजशील?” जिवाने विचारलं. “गजाने?”

लोक पुन्हा हसले. पुंजाने दात खाल्ले. शेवटी जिवा मोखाड्याला जाऊन लाकडी डबी घेऊन आला, आणि ऊन उतरायच्या आत दोघे जीपखाली शेजारी शेजारी झोपले. पुंजाने डबी उघडली. आतली मखमल झिजून तिथे लाकूड दिसत होतं. त्याने मायक्रोमीटर डाव्या हातात धरलं, क्रँकला लावलं, हलकेच फिरवलं. ते त्याच्या हाताला उलटं पडत होतं.

“दे, मी बघतो,” जिवा म्हणाला.

“मी बघतो.”

“आकडा उलटा वाचतोयस.”

“माझ्या बाजूने सरळ हाय.”

क्रँक वाचला होता, जरासा ओरखडा, तो बारीक कागदाने गेला. नव्या वाट्या बसल्या. आता टोपी फिरवून सुलट लावायची होती. म्हणजे जुने ठिपके घासून टाकायचे आणि बरोबर बाजूला नवे मारायचे, नाहीतर पुढचा मेकॅनिक पुन्हा तीच चूक करणार. पुंजाने कानशीने जुन्या शेपट्या उडवल्या. दोन्ही खाचा एका बाजूला आणून टोपी दांड्याला लावून बघितली. मग जीभ चावत पंच हातात घेतला.

जिवाची नजर शेडच्या खांबाला टेकलेल्या सळईकडे गेली. “अजून हाय का ती? मला वाटलं हरवलीस.”

“हाय. आणि ऱ्हाईल.” पुंजाने पाय लांब करून सळई आपल्या अंगाकडे ओढून घेतली. “तुझा कान जड हाय. तुझ्या काय कामाची?”

“तेच म्हणतो,” जिवा म्हणाला. “माझ्या काय कामाची.” पण तो अजून तिकडेच बघत होता, आणि पुंजाने ते पाहिलं. त्याने सळई आणखी जवळ ओढली, पार काखेत घेतली.

गाडीखाली अंधारून आलं होतं. “आण पंच,” जिवा म्हणाला. “मी मारतो, सरळ पडतील.”

“ठिपके माझे. तू टॉर्च धर.”

जिवाने टॉर्च धरली. सिमेंटच्या फरशीवाला, पांढऱ्या शर्टाचा जिवा शेडच्या मातीत पाठीवर पडून पुंजासाठी उजेड धरून होता. बाहेरून रविना वाकून विचारत होती, “मामा, झालं का? बेस झालं का?” चैती म्हणत होती, “सुकट करू का रे? दोघांचं टाकते.”

पुंजाने पहिला ठिपका मारला. दुसरा मारला. शेपट्या फुटल्याच. तिसऱ्यासाठी त्याने पंच टेकवला आणि उचलला, परत टेकवला, परत उचलला.

“मार की,” जिवा म्हणाला. “हात दुखायला लागला.”

“नीट धर,” पुंजा म्हणाला. “हलतोय उजेड.”